संचालक, सेवक, सभासद

हवेवर कोणाची मालकी नसते. जमिनीला बांध घालता येतो, पाण्याला चारी काढता येते, पण हवेत रेघ ओढता येत नाही. तिच्यापुढे मालक आणि चाकर सारखेच. राज्यशास्त्राचा तास घेताना हे वाक्य मी वर्षानुवर्षं वर्गाला ऐकवलं आणि वर्गाने ते वर्षानुवर्षं वहीत उतरवून घेतलं. निवृत्तीनंतर एका पतसंस्थेच्या संचालक मंडळात बसायची वेळ आली, तेव्हा त्या मंडळाने हवेचे तीन भाग केले. ठराव एकमताने मंजूर झाला. त्या एकमतात माझं मत धरलेलं नाही, कारण मला मतच नव्हतं.

मी तज्ज्ञ संचालक होतो. मंडळावर असा एखादा माणूस घ्यायची कायद्यात सोय आहे. त्याला खुर्ची असते, चहा असतो, बोलायची मुभा असते, मत नसतं. मी नेमका कशातला तज्ज्ञ आहे हे मंडळाने कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. महाविद्यालयात शिकवलेला माणूस आहे, इंग्रजी पत्र वाचून दाखवतो, एवढं पुरेसं होतं.

संस्था आंबेगाव तालुक्यातल्या एका बाजारगावात आहे. गावाचं नाव सांगत नाही. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत, जिथे बाजार भरतो तिथे, अशी एक इमारत असतेच. तळमजल्यावर काउंटर, पहिल्या मजल्यावर सभागृह आणि अध्यक्षांची केबिन, दुसऱ्या मजल्यावर अध्यक्षांच्या वडिलांच्या नावाची अभ्यासिका. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना तिथे टेबल, पंखा आणि वाय-फाय फुकट. वार्षिक सभेच्या भाषणात अभ्यासिकेचा उल्लेख पहिल्या पाच मिनिटांत येत असे.

त्या अभ्यासिकेत एक सून येत असे. ती मूळची जुन्नर तालुक्यातल्या आणे गावची. आण्याच्या पठारावर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसावं लागतं, म्हणून तिच्या वडिलांनी कालव्याचं पाणी बघून तिला निरगुडसरला दिली. सासरी पाणी होतं, ऊस होता, गोठा होता. मोबाईलला मात्र मळ्यात एक काडी दिसे, तीही घराच्या पायरीवर उभं राहिलं तर. नवरा चाकणला कंपनीत, पाळीवर. तिला शिकायचं आहे याला घरातून विरोध नव्हता. परवानगी होती, आणि परवानगीला अटी होत्या. अभ्यासाला जायचं ते याच इमारतीत, कारण तिचे सासरे आमच्या मंडळात संचालक होते आणि इमारत घरचीच मानली जाई. अंधार पडायच्या आत परत यायचं. उसात बिबट्या असतो, त्यामुळे या अटीला कोणी अट म्हणत नाही. तिसरी अट त्या वर्षी लागली.

पुण्यात एक संस्था निवडक मुलींना वर्षभर राहायला-जेवायला देऊन परीक्षेची तयारी करून घेते. तिथली लेखी परीक्षा ती उत्तीर्ण झाली. मुलाखत उरली होती आणि ती व्हिडिओवर होणार होती. सासरे तिला म्हणाले होते, "निवड झाली तर जा, आमी आडवं येत न्हाई. नाय झाली तर मंग पुस्तकं बांधून ठेवायची. गोठ्याकडं कोण बघणार?" हे तिने मला सांगितलं ते तक्रार म्हणून नव्हे. वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

इमारतीत इंटरनेट एकच होतं. एक तार बाहेरून आत येई, एक यंत्र ते हवेत सोडी आणि त्याचा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक होता: हिशेबाच्या संगणकांना, अभ्यासिकेला, कर्ज मागायला आलेल्याला, समोरच्या रसवंतीवाल्याला. लेखापरीक्षकाने शेरा मारला की हिशेबाचे संगणक आणि बाहेरच्यांचे फोन एकाच जाळ्यावर असणं धोक्याचं आहे, ते वेगळे करावेत. शेरा योग्य होता. दोन जाळी केली असती तर विषय संपला असता.

काम करायला जुन्नरहून एक तंत्रज्ञ आला. घराणं जुन्नरच्या जुन्या कागद करणाऱ्या मुसलमान घराण्यांपैकी; हा वायरी आणि राउटर बसवतो. पहिल्याच दिवशी चहा पिताना मला म्हणाला, "आजोबांच्या आजोबांनी कागद केला, सर. आता मी लोकांना सांगत फिरतो की कागद बंद करा. लोक मला त्याची तीन प्रतींत पोच देतात."

बैठकीत त्याने काम समजावून दिलं. पाण्याच्या भाषेत समजावलं, कारण समोर कोण बसलंय हे तो ओळखून होता.

"पाईप एकच राहणार. त्याला आपण तोट्या बसवू. प्रत्येक तोटीचं नाव वेगळं, किल्ली वेगळी. एकीतलं दुसरीत जाणार नाय. आणि कुठल्या तोटीला किती सोडायचं ते तुमी सांगायचं."

"किती तोट्या बसत्यात?" अध्यक्षांनी विचारलं.

"दोन पुरतील, साहेब."

"बसत्यात किती ते विचारलं."

"बसवाल तेवढ्या."

मग तीन ठरल्या. 'संचालक', 'सेवक' आणि 'सभासद'. अभ्यासिका 'सभासद'मध्ये. वाटण्याही तिथेच झाल्या. निम्मा वाटा संचालकांना, उरलेल्यातला मोठा भाग सेवकांना, आणि मग जे राहील ते सभासदांना. सभासद हे संस्थेचे मालक असतात असं वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर छापलेलं आहे, याची मी आठवण करून दिली.

"मालक हायेतच की," अध्यक्ष म्हणाले. "मालक कुठं हापिसात बसतो?"

संचालक तरी कुठे बसतात, असं मी विचारलं. महिन्यातून एक बैठक, तीही जेवणाच्या वेळेला धरून.

"प्रश्न बसायचा न्हाई, सर. मानाचा हाय."

कर्मचाऱ्यांच्या वाट्यावर व्हिडिओ बंद ठेवायचं ठरलं, कारण रोखपाल काउंटरवर बैलगाडा शर्यती थेट बघतो अशी तक्रार होती. तक्रार करणारे संचालक त्याच शर्यती रोखपालाच्या खांद्यावरून बघत असत, पण ते त्यांनी सांगितलं नाही. मग माझा प्रश्न निघाला. तज्ज्ञ संचालक कुठे धरायचा? दोघे-तिघे म्हणाले, संचालक म्हणजे संचालक. अध्यक्षांनी विचार केला आणि म्हणाले, "सरांना मत न्हाई. मत न्हाई तर संचालकांत कसं धरता येईल?" मी सेवकांत गेलो. त्याचं मला दुःख झालं नाही. रोखपालाबरोबर माझं चांगलं जमतं.

'संचालक' जाळ्याचा पासवर्ड फुटू नये म्हणून आणखी एक कुलूप घातलं गेलं. पासवर्ड ठाऊक असला तरी चालणार नाही, ज्या फोनांची नोंद केली तेवढेच जोडले जातील. संचालकांनी आपापले फोन तंत्रज्ञापुढे टेबलावर मांडले.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहितो आहे ती घडली. तंत्रज्ञाला निम्मा वाटा रिकामा ठेवणं बघवेना. तो म्हणाला, "साहेब, सेटिंगमध्ये एक खूण करून ठेवतो. तुमी नसला की तुमचा वाटा बाकीच्यांना आपोआप मिळंल. तुमी आला की परत तुमचा. एका सेकंदात. तुमाला कळणार पण नाय."

अभ्यासिकेतल्या त्या सुनेच्या सासऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हंजे आमच्या रानातनं दुसऱ्याला वाट."

"वाट नाय, आबा. तुमी वापरत नसताना फक्त."

"तेच म्हंतोय मी. आज आमी नसताना वापरत्याल. उद्या म्हणत्याल, आमी कायम वापरत व्हतो. एकदा वहिवाट पडली की मोडत न्हाई, राव. माझ्या बापानं एकाला बांधावरनं बैलगाडी न्यायला व्हय म्हणलं व्हतं. नुसतं व्हय म्हणलं व्हतं. आता तिथनं कारखान्याचा ट्रॅक्टर जातो, दोन ट्रॉल्यांचा. अन् कोर्टात हारलो आमीच."

मंडळातल्या प्रत्येकाकडे असा एक बांध होता. पुढचा अर्धा तास ते बांध एकेक करून ऐकावे लागले. कोणाची विहीर, कोणाचा गोठ्याकडचा रस्ता, कोणाच्या आंब्याची सावली. पंचवीस-तीस वर्षं भांडलेली माणसं होती ही. औदार्याची किंमत त्यांना तहसील कचेरीत समजली होती. त्यांची भीती खोटी नव्हती. फक्त ती चुकीच्या वस्तूला लागू केली जात होती.

"इंटरनेटला वहिवाट लागू होत नाही," मी म्हणालो.

"आज नाय होत, सर," सासरे म्हणाले. "कायदा कधी बदलंल सांगता येतं का?"

आयुष्यभर मीही वर्गात तेच सांगत आलो होतो.

तंत्रज्ञाने शेवटचा प्रयत्न केला. "आबा, कालव्याचं पाणी तुमी घेतलं नाय तर ते पुढं टेलला, शेवटच्या रानापर्यंत तरी जातं. हे कुठंच जात नाय."

"कुठंच जात नाय म्हंजे? वाया जातं?" अध्यक्ष जरा सावध झाले. वाया जाणं म्हटलं की लेखापरीक्षक येतो.

"वाया पण जात नाय. वापरलं नाय तर ते नसतंच."

"मग झालं तर," अध्यक्ष म्हणाले. "वाया जात न्हाई ना? राहू द्या तसंच."

खूण काढली गेली. बाहेर पडताना तंत्रज्ञ मला जिन्यात म्हणाला, "आपल्याला काय, सर. म्हणाल तर हवेला तारेचं कुंपण घालून देऊ."

एक शेवटचा विधी राहिला होता. या सगळ्या वाटण्या बदलायच्या तर एक मुख्य पासवर्ड लागतो, तो तंत्रज्ञाने संस्थेच्या ताब्यात द्यायचा होता. पतसंस्थेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक अध्यक्षांकडे आणि एक व्यवस्थापकाकडे. दोघं असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. तोच नियम इथे लावला गेला. पासवर्डचा पहिला अर्धा अध्यक्षांनी ठरवून टाइप केला, तेव्हा व्यवस्थापक भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग अध्यक्ष भिंतीकडे वळले आणि व्यवस्थापकाने दुसरा अर्धा टाइप केला. त्या भिंतीवर सहकाराचं बोधवाक्य आहे. दोघांनी ते बऱ्याच वर्षांनी वाचलं असावं.

या नव्या वाय-फायच्या लोकार्पणाचा दिवस प्रमुख पाहुण्यांच्या सोयीने ठरला, मोडला आणि पुन्हा ठरला. पुन्हा ठरला तो नेमका त्या सुनेच्या मुलाखतीच्या दिवशी, मुलाखतीच्या वेळेला. तिने पुण्याला विचारून पाहिलं. वेळ बदलता येणार नाही असं उत्तर आलं. मी तिला सुचवलं की मंचरला माझ्या एका विद्यार्थ्याचं कार्यालय आहे, तिथे बस.

"नको, सर. कार्यक्रमाला घरचे सगळे येणार आहेत. मी मंचरला गेले तर आबांना विचारतील सून कुठंय म्हणून. मी वर अभ्यासिकेतच बसते. काल बघितलं, चांगलं चालतंय."

काल चालत होतं हे खरं होतं. काल इमारतीत कोणी नव्हतं.

मांडव इमारतीच्या दारातच होता. राउटरला हळदकुंकू लावून काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि पेटीला झेंडूचा हार होता. पाहुण्यांनी नारळ फोडला. अभ्यासिकेची दारं बंद करून ती वर बसली होती. पुस्तकं बाजूला, ओढणी नीट पिन केलेली, फोन पुस्तकांच्या थप्पीला टेकवलेला. मी तिला तशी पाहून खाली आलो आणि व्यासपीठावरच्या मागच्या रांगेत बसलो. मत नसलेल्यांची रांग तीच.

अध्यक्षांनी भाषणाच्या ओघात एक गोष्ट केली, जी ठरलेली नव्हती. त्यांनी माईकवरून पासवर्ड जाहीर केला.

"आता समद्यांनी खिशातले मोबाईल काढा. 'सभासद' असं नाव दिसंल, त्यावर बोट ठेवा. ही तुमच्या हक्काची सोय हाय."

मांडवातल्या सगळ्यांनी फोन काढले. जोडले जाताच लोकांनी काय पाहिलं? समोरचाच कार्यक्रम. तो संस्थेच्या पानावर थेट दाखवला जात होता, ट्रायपॉडवर लावलेल्या अध्यक्षांच्या फोनवरून. दहा हातांवर उभे असलेले अध्यक्ष लोक तळहातावर पाहू लागले. अध्यक्षांचा फोन अर्थातच 'संचालक' जाळ्यावर होता. इमारतीत येणाऱ्या इंटरनेटच्या निम्म्या भागावर त्या घटकेला वापरात असलेला तो एकच फोन होता, आणि उरलेल्यातल्या शेवटच्या भागावर सबंध मांडव आणि ती.

थोड्याच वेळात ती जिन्याच्या दारात दिसली. मी उठून गेलो.

"सर, बंद पडलं. एक प्रश्न झाला आणि थांबलंय. मॅडमचं तोंड उघडंच राहिलंय पडद्यावर, पुढं काही नाही."

माझा फोन तिच्या उपयोगाचा नव्हता. मी सेवक, आणि सेवकांना व्हिडिओ बंद. तंत्रज्ञ सत्काराच्या शालीची वाट बघत पहिल्या रांगेत बसला होता. त्याला बाजूला घेतलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मिनिटाचं काम आहे, सर. ती काढलेली खूण परत करायची. पण मुख्य पासवर्ड दोघांकडं अर्धा-अर्धा." व्यवस्थापक लगेच उठून आला. अध्यक्ष माईकवर होते आणि सहकाराच्या उगमापासून अजून फार पुढे आले नव्हते. मी चिठ्ठी पाठवली. त्यांनी ती न वाचता खिशात घातली आणि म्हणाले, "शुभेच्छांच्या चिठ्ठ्या येतायत, समद्यांचे आभार."

मग एकच मार्ग उरला. तिच्या सासऱ्यांचा फोन. त्याची नोंद 'संचालक'मध्ये होती आणि तो त्यांच्या हातातच होता. मी खुर्च्यांमागून वाकून त्यांच्याजवळ गेलो.

"आबा, फोन द्या जरा. सूनबाईची मुलाखत अडकलीय. तुमच्या फोनवर होऊन जाईल."

"किती येळ?"

"पंधरा-वीस मिनिटं."

"आता माझा सत्कार हाय, सर. फोटो कशावर काढायचा?"

"माझ्या फोनवर काढतो."

त्यांनी माझ्या फोनकडे पाहिलं. मग मांडवाकडे. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तसं न्हाई. समदे बघत्यात. संचालकाचा फोन वर अभ्यासिकेत गेला, तर उद्या दुसऱ्यांची पोरं मागायला येत्याल. आपण ठरवलंय ना बैठकीत. मीच बोललो, अन् मीच मोडू?"

"घरचीच आहे, आबा."

"म्हणून तर. घरच्यालाच दिला म्हणत्याल." आणि मग, समजूत काढल्यासारखं, "कार्यक्रम होऊ दे. मग देतो की. मुलाखत काय पळून चाललीय का?"

ती जिन्याच्या दारातून बघत होती. आमचं बोलणं तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण सासऱ्यांच्या हातातला फोन सासऱ्यांच्याच हातात राहिला, हे तिला दिसलं. ती वळली आणि वर गेली. अभ्यासिकेत नाही, त्याच्याही वर. त्या इमारतीत मोबाईलचा टॉवर नीट लागतो तो फक्त गच्चीवर.

गच्चीवर आचारी होता, मसालेभाताचं पातेलं होतं, जिलेबीची कढई होती आणि मांडवाच्या ध्वनिक्षेपकाचा जनरेटर होता. मी पोचलो तेव्हा ती टाकीच्या भिंतीला पाठ लावून उभी होती, फोन तोंडासमोर धरून. तो लागला होता. पडद्यावरच्या बाई हलत होत्या, पण त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

"तुम्ही कुठे आहात? तिकडे काही कार्यक्रम आहे का?"

"हो, मॅडम," ती मोठ्याने म्हणाली. "आमच्याकडे वाय-फायचं उद्घाटन आहे."

पडद्यावरची माणसं हसली. त्यांना वाटलं ती विनोद करते आहे.

मी आचाऱ्याला म्हटलं, जनरेटर जरा बंद कर.

"जनरेटर बंद केला तर अध्यक्षसाहेबांचा माईक बंद पडंल, पावणं. मी त्यात पडत न्हाई," तो म्हणाला आणि जिलेबी उलटी केली.

पडद्यावरच्यांनी तिला विचारलं, ग्रामीण भागात सहकाराने काय बदललं. प्रश्न त्यांनी दोनदा विचारला, कारण पहिल्यांदा तिला ऐकू गेला नाही. तिने उत्तर दिलं. आण्याच्या पठारावरून ती बोलायला लागली, टँकरवरून कालव्यावर आली, कालव्यावरून कारखान्यावर. कोणाला पाणी मिळालं आणि कोणाला बैठकीत खुर्ची मिळाली हे तिने वेगवेगळं सांगितलं. सबंध नोकरीत इतकं नीट उत्तर मी फार थोड्या वेळा ऐकलं होतं. मी दोन हातांवर उभा होतो म्हणून ऐकू आलं. पुण्याला जनरेटर ऐकू गेला. खालून अध्यक्षांचं भाषणही त्यात मिसळत होतं, तोच विषय असल्यामुळे.

"आम्ही तुम्हाला कळवू," बाई म्हणाल्या. मग फोन बंद झाला. तो त्यांनी बंद केला की टॉवरने, हे कळायला मार्ग नव्हता.

खाली सासऱ्यांचा सत्कार झाला होता. जेवणाच्या पंगतीत त्यांनी तिला हाक मारली, खांद्यावर शाल तशीच होती. फोन पुढे केला.

"घे गं. लाव आता. झाला कार्यक्रम."

ती वाढत होती. तिने हातातली पळी खाली ठेवली नाही.

"राहू द्या, आबा. वहिवाट पडंल."

सासरे मनापासून हसले. शेजारच्या पानावर अध्यक्ष होते, त्यांना सांगितलं, "बघितलं का, सूनबाई लई हुशार हाय." अध्यक्ष म्हणाले, अभ्यासिकेचा उपयोग होतोय म्हणायचं. पुढच्या वार्षिक सभेच्या भाषणात ते वाक्य आलं.

पुण्याचं उत्तर आलं ते दोन ओळींचं होतं. मुलाखत तांत्रिक कारणाने अपूर्ण राहिली, निवड होऊ शकली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. पुन्हा मुलाखत घ्यावी म्हणून मी माझ्या नावाने लिहिलं, पदवी आणि पद दोन्ही घालून. त्याचं उत्तर आलं नाही. तज्ज्ञ संचालक या पदाचं वजन पुण्यातही ठाऊक असावं.

तिने पुस्तकं बांधून ठेवली. अटीप्रमाणे ठेवली, आदळआपट केली नाही. सासरे वाईट माणूस नाहीत. त्यांनी गोठ्यात नवा पंखा बसवून दिला. मध्यंतरी पारगावच्या फाट्यावर ती भेटली, दूध घालून परत चालली होती. उसाचे ट्रॅक्टर जात होते, ते जाईपर्यंत दोघांना थांबावं लागलं.

"आता वर कसं चालतंय, सर?"

"फार छान चालतं," मी म्हणालो. "वर कोणी येत नाही."

ते खरंच होतं. बाकीची मुलं महिन्याभरात मंचरच्या, नारायणगावच्या अभ्यासिकांत निघून गेली. दुसऱ्या मजल्यावर आता मांडवाच्या खुर्च्या ठेवतात. भिंतीवरची पाटी आहे तशीच आहे, अध्यक्षांच्या वडिलांच्या फोटोसकट, आणि 'सभासद' जाळं तिथे अतिशय वेगात चालतं.

ती खूण परत करावी असा विषय मी त्यानंतर तीन बैठकांत मांडला. कार्यवृत्तात 'चर्चा झाली' असं लिहिलं गेलं. तिसऱ्या वेळी सासरेच म्हणाले, "सर, आता कुणी मागतच न्हाई, तर द्यायचं कुणाला?" नंतर मी राजीनामा दिला. तो एकमताने मंजूर झाला.

परवा तंत्रज्ञ रस्त्यात भेटला. संस्थेत देखभालीला जाऊन आला होता. मी विचारलं, संचालकांच्या वाट्यावर हल्ली कोण असतं? म्हणाला, कायम जोडलेलं असं एकच यंत्र आहे, अध्यक्षांच्या केबिनमधला टीव्ही. त्याच्या पडद्यावरचा प्लास्टिकचा कागद अजून काढलेला नाही.